राखेखालचा निखारा आणि यंदाची पोपटी

गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे पाचच्या सुमारास चुलतभावाने मला हलवून उठवलं. "ताई, तात्यांची उडवी पेटलीय." उडवी म्हणजे पेंढ्याची गंजी. मी धावत ओसरीवर आले. शेताच्या अंगाला आभाळ तांबूस झालं होतं आणि तात्यांच्या गोठ्यातले बैल दाव्याला हिसके देत होते.

आदल्या रात्री त्याच शेतात आम्ही पोपटी लावली होती, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भरून भोवती जाळ करून भाजल्या होत्या. खाऊन झालं, गाणी झाली, जाळ खाली बसला. मग दोघा-तिघांनी फावड्याने त्यावर माती ओढली आणि आम्ही झोपायला गेलो. माती टाकली, आता काय राहिलं, असंच सगळ्यांनी धरलं. कोंबडीची हाडं कुणीतरी त्याच आगीत टाकली होती. रात्री कुत्र्यांनी ती उकरली. आत शेण्यांचा, म्हणजे गोवऱ्यांचा, निखारा जिवंत होता, पहाटे वारा सुटला, ठिणग्या वाळलेल्या धसकटांत पडल्या आणि तिथून बांधाबांधाने आग उडवीपर्यंत गेली. बैल सोडले, माणसं सुखरूप राहिली. पण उन्हाळाभराचा पेंढा तासाभरात गेला. आम्ही गावातून पेंढा विकत घेऊन तात्यांना भरून दिला, पण त्यांच्या तोंडाकडे बघायची हिंमत मला कित्येक दिवस झाली नाही.

तात्या म्हणजे आमचे शेजारी, वडिलांच्या बरोबरीचे. ते मला एवढंच म्हणाले, "बाय, तुझी आजी रातचा निखारा कसा ठेवायची, इसरलीस काय?"

मी विसरलेच होते. आजी रात्री चुलीतला एक जाडसर निखारा राखेत पुरून ठेवायची आणि पहाटे राख बाजूला सारून, त्यावर गवताची काडी धरून चूल पेटवायची. काडेपेटी वाचायची. राखेखाली विस्तव मरत नाही, तो सांभाळला जातो, हे मी लहानपणी रोज पाहिलं होतं. आणि त्याच घरातली मी, शेण्यांच्या ढिगावर माती ओढून झोपायला गेले.

पोपटी रायगडबाहेर फार लोकांना ठाऊक नसते, म्हणून थोडं सांगते. घाटावर ज्वारीचा हुरडा, तशी आमच्या अलिबाग-पेण-रोह्याकडे थंडीत पोपटी. भात कापून झालं की उरलेल्या ओलीवर त्याच खाचरांत वाल पेरतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरतात. याच दिवसांत शेतात आपसूक उगवणारी भांबुर्डी माजलेली असते. पानं मऊ, लवदार, चुरगळली की उग्र वास. मडक्याच्या तळाला आणि कडेने हा पाला लावायचा, मग वालाच्या शेंगा, खडेमीठ, ओवा, बटाटे, रताळी, अंडी, हवी तर मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. वरून पुन्हा पाला गच्च दाबायचा आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचं बोट नाही. पाल्याच्या आणि शेंगांच्या अंगच्या वाफेवर सगळं शिजतं. गुजरातेत वलसाडकडे उंबाडियुं मिळतं, ते हिचंच भावंड.

यंदा पोपटी नको, असं मी ठरवून टाकलं होतं. पण आमच्या पनवेलच्या इमारतीतली मुलं दिवाळीपासून मागे लागली होती. दिवाळीत गावी गेले तेव्हा धीर करून तात्यांकडे विषय काढला. ते म्हणाले, "लाव ना. पोपटी का बंद करायची? फक्त मला इचारून लाव." मग मी वही घेऊनच त्यांच्या ओट्यावर बसले.

पहिला प्रश्न जागेचा होता. गेल्या वर्षीची जागा आम्ही निवडली होती ती घराजवळ म्हणून, पाणी-बिणी आणायला बरी म्हणून. तात्यांनी मला संध्याकाळी शेतात नेलं आणि मूठभर कोरडी माती हातातून सोडायला लावली. दिवसा आमच्याकडे समुद्रावरून खारा वारा येतो. तो दिवस मावळताना पडतो आणि रात्री उलटा, जमिनीकडून समुद्राकडे, मतलई सुटतो. आम्ही संध्याकाळी वारा बघून जागा ठरवली होती. उडवी तेव्हा वाऱ्याच्या पाठीशी होती, पहाटे ती बरोबर वाऱ्याच्या तोंडाशी आली. हे त्यांनी दोन मिनिटांत दाखवलं. मी तिथे लहानाची मोठी झाले, पण आग लावताना रात्रीचा वारा धरायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

नवी जागा मिळाली ती जुन्या खळ्याची. जमीन चोपलेली, गवत नाही. वर विजेची तार नाही, जवळ आंब्याचं झाड नाही. आंब्याचं मुद्दाम सांगते, कारण जानेवारीत कलमांना मोहोर असतो आणि खालून गेलेल्या झळीने तो करपतो. वर्षाचं पीक एका रात्रीच्या मौजेपायी घालवू नये. खळ्याच्या चारी बाजूंनी आठ-आठ फूट पट्टा धसकटं काढून, झाडून, पाणी मारून ठेवायचा असं ठरलं. वनखातं वणवा अडवायला डोंगराला जाळरेषा काढतं, त्याचीच ही छोटी आवृत्ती. आमचे लोक राब भाजताना, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळतानाही, आधी कडा साफ करतात. म्हणजे शहाणपण गावात होतंच, आम्ही पाहुण्यांनी ते बाजूला ठेवलं होतं.

पोलीस पाटलांच्याही कानावर घातलं. आमच्या घरापर्यंतची वाट बैलगाडीची आहे. अलिबागहून अग्निशमनची गाडी निघाली तरी तिला पोचायला वेळ लागणार आणि शेवटचा तुकडा तर चालतच. तेव्हा पहिली पंधरा मिनिटं आपलीच, हे मनाशी पक्कं करून तयारी केली. दोनशे लिटरचं पिंप भरून जागेवर, बाजूला चार बादल्या माती, दोन फावडी, भिजवलेली गोणपाटं. आणि तात्यांनी कुड्याच्या हिरव्या पानांचे डहाळे तोडून ठेवायला सांगितले. गवताची आग झोडपायला हिरव्या डहाळ्यासारखं दुसरं काही नाही, वणवा विझवणारी माणसं तेच वापरतात. १०१, १०८ आणि ११२ हे तीन नंबर मी प्रत्येक मोठ्या माणसाला तोंडपाठ करायला लावले. शिवाय घराचा पत्ता नीट सांगता यावा म्हणून जवळची खूण एका कागदावर लिहून ओसरीवर लावली. घाबरल्यावर माणसाला पत्ता सांगता येत नाही, हे मी गेल्या वर्षी अनुभवलं आहे.

सरपणाकडेही यावेळी लक्ष दिलं. पेंढा पेट घ्यायला, शेण्या धग धरायला, आणि जाळ टिकायला वाळलेली झाडाची लाकडं. भावाने घराच्या डागडुजीतून उरलेले प्लायवूडचे तुकडे आणले होते, ते परत पाठवले. रंग, गोंद, लॅमिनेट जळालं की त्याचा धूर विषारी असतो आणि तो आपण खाणार त्या अन्नाभोवती फिरणार. आख्खा बांबूही नको, पेरांत कोंडलेली हवा तापली की तो फटाक्यासारखा फुटतो. मडकं टेकवायला कुणीतरी ओढ्यातले गोल गोटे आणले. तेही नको. पाण्यात राहिलेल्या दगडाच्या पोटात ओल असते, ती वाफ होऊन दगड उडतो. बांधावरचे कोरडे दगड घेतले.

पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांतलं काहीही शेतात आणायचं नाही, हे मी सगळ्यांना दोनदा सांगितलं. एका रिसॉर्टवर मी स्वतः पाहिलं आहे. लाकडं पेट घेईनात म्हणून एका मुलाने धुमसत्या आगीवर बाटलीतून पेट्रोल ओतलं आणि ज्वाळा त्या धारेवरून उलटी त्याच्या हातापर्यंत आली. त्याच्या हातातून बाटली सुटली आणि ती लांब पडली, म्हणून तो वाचला. पेट्रोलची वाफ दिसत नाही, आणि आधी पेटते ती वाफच. लाकूड वाळलेलं असेल तर पेंढ्याची एक चूड पुरते. वाळलेलं नसेल तर थोडं थांबावं.

आम्ही एकोणीस जण होतो, त्यांत सहा मुलं. दोन मडकी केली, एक शाकाहारी आणि एक अंडी-कोंबडीचं, कारण आमच्यातली दोन घरं पूर्ण शाकाहारी आहेत आणि त्यांना शंकेने खावं लागू नये. मडकी कुंभाराकडून आणताना बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहिली. चांगलं मडकं खणखणतं, तडा गेलेलं भद्द वाजतं. धुतल्यावर ती दोन दिवस उन्हात ठेवली, कारण ओलं मडकं एकदम जाळात गेलं की तडकतं. कोंबडी सकाळी पोयनाडच्या बाजारातून आणली, मसाला लावून बर्फाच्या पेटीत ठेवली आणि मडकं भरायच्या वेळीच बाहेर काढली. तुकडे लहान ठेवले. पोपटीत झाकण उघडून बघता येत नाही, मोठा तुकडा हाडापाशी कच्चा राहिला तर कळायचं नाही.

मुलांबरोबरचा दुपारचा तास मला सगळ्यात आवडला. भांबुर्डी खुडायला त्यांनाच नेलं. वास घेऊन ओळखायची, असं सांगितल्यावर प्रत्येकजण दर झुडपाला नाक लावत होता. मग खळ्यावर चुन्याची गोल रेघ मारली, आगीपासून दहा फुटांवर. रेघेच्या आत फक्त ठरलेली तीन मोठी माणसं जातील, बाकी कुणी नाही. बाबा नाही, आजी नाही, फोटो काढायला कुणी नाही. त्यानंतर आम्ही एक खेळ खेळलो. मी "पेटलं!" म्हणाले की प्रत्येकाने जागच्या जागी थांबायचं, आडवं पडायचं, तोंड हातांनी झाकायचं आणि लोळायचं. कपड्यांनी पेट घेतला की माणूस पळतो, पळालं की वारा लागतो आणि आग भडकते. हे मुलांना समजावून सांगण्यापेक्षा पन्नास वेळा लोळायला लावणं सोपं. संध्याकाळपर्यंत ती आपणहून एकमेकांना "पेटलं!" म्हणून मातीत लोळत होती.

कपड्यांवरून मात्र थोडी नाराजी झाली. दोघीजणींनी हौसेने नायलॉनच्या ओढण्या घेतल्या होत्या, मुलांच्या अंगात पॉलिस्टरची चकचकीत जॅकिटं होती. असं कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. घरात होत्या नव्हत्या त्या सुती साड्या, जुन्या शाली, लोकरी स्वेटर काढून दिले. लांब केस बांधायला लावले. दारूबद्दल मी भावाशी आधीच स्पष्ट बोलून घेतलं होतं. जाळ चालू आहे तोवर कुणीही घेणार नाही आणि आगीवरची तिघं रात्रभर घेणार नाहीत. तो आधी गप्प राहिला. मग म्हणाला, "मीच थांबतो आगीवर." तिघं म्हणजे तात्या, तो आणि मी.

सूर्य साडेसहाच्या आसपास गेला. आम्ही घाई केली नाही. सव्वासातला वारा पूर्ण पडला, समोरच्या घराच्या परसातला धूर सरळ वर जाताना दिसला, तेव्हा तात्या म्हणाले, "आता."

भावाने एकेक मडकं दोन्ही हातांनी धरून झटक्यात उपडं केलं. पाला इतका गच्च दाबला होता की एक पान खाली आलं नाही. भोवती शेण्या उभ्या रचल्या, लाकडं टेकवली, वर पेंढा. चूड लावली आणि पहिल्या मिनिटात जाळ कमरेएवढा आला. मुलं एकदम गप्प झाली. सहाच्या सहा जणांची पावलं रेघेच्या बाहेर एका ओळीत होती आणि तोंडं नारिंगी झाली होती. कुणीही फोन काढला नाही. पेंढा जळून गेल्यावर जाळ बसला, शेण्यांनी धग धरली आणि हळूहळू तो वास यायला लागला, ओव्याचा, भाजल्या पाल्याचा, थोडा मातीचा. त्या वासाने मला माझे वडील आठवले. ते मडक्यावर पाणी शिंपडायचे तेव्हा आम्हा भावंडांना "ऐका" म्हणायचे. पाऊण तासाने तात्यांनी ओंजळीने पाणी शिंपडलं. चर्र झालं आणि थेंब तिथल्या तिथे उडाले. झालं शिजून.

मडकी लांब काठीने बाहेर ओढली, पण लगेच फोडली नाहीत. दहा मिनिटं तशीच ठेवली, मग ओल्या गोणपाटात धरून केळीच्या पानांवर पालथी केली. शेंगांच्या ढिगातून अशी वाफ उठली की समोरचा माणूस दिसेना. कोंबडीचे तुकडे मी आधी फोडून पाहिले, हाडापाशी लाल काही नव्हतं, मग वाढले.

इतकी तयारी करूनही एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. रताळं बाहेरून लवकर निवतं आणि आत धगधगत असतं. नऊ वर्षांच्या एका मुलाने ते हातात धरलं, सोसलं, म्हणून मधोमध मोडलं. आतला गर त्याच्या दोन बोटांना चिकटला. तो किंचाळला. त्याची आई घराकडे टूथपेस्ट आणायला धावली. मी गर पुसून त्याचा हात पिंपाजवळ नेला आणि तांब्याने साधं पाणी बोटांवर सोडायला लागले. टूथपेस्ट लावायची नाही, हळद नाही, शाई नाही, बर्फही नाही. नुसतं गार पाणी, वीस मिनिटं. पाच मिनिटांनी तो म्हणाला, "बरं वाटतंय, सोड." मी सोडलं नाही. वर थंड झालं तरी आतलं कातडं तापलेलं राहतं. त्याचा मित्र घड्याळ धरून बसला आणि दर मिनिटाला आकडा ओरडायला लागला. चौदाव्या मिनिटाला दोघं हसत होते. विसाव्याला हात स्वच्छ सुती फडक्यात सैल गुंडाळला. दुसऱ्या दिवशी एका बोटावर वाटाण्याएवढा फोड होता, तो फोडला नाही. भाजलेलं याहून मोठं असतं, किंवा चेहऱ्यावर, सांध्यावर असतं, तर मी त्याच क्षणी गाडी काढली असती.

रात्री थंडी चढली तेव्हा आत्याने विचारलं, घमेल्यात चार निखारे घेऊन बाळंतिणीच्या खोलीत ठेवू का? मी तिचा हात धरला. बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, झोपलेला माणूस झोपेतच जातो. त्याऐवजी दोन गोधड्या जास्त दिल्या.

पावणेदहाला विझवायला घेतलं. सगळ्यांना वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम. हाडं आधीच वेगळ्या पिशवीत जमा केली होती. भावाने फावड्याने ढीग पसरला, मी कळशीने पाणी ओतलं, वाफ उठली. पुन्हा उलथापालथ, पुन्हा पाणी. दुसऱ्या वेळी राख काळी, चिखलासारखी झाली आणि मला वाटलं, संपलं. तात्यांनी फावडं माझ्या हातात दिलं आणि मधोमध खणायला सांगितलं. वीतभर खाली एक शेणी होती, मुठीएवढी. वरून ओली, करडी. फावड्याने तिचे दोन तुकडे केले आणि आत ती तांबडी लाल होती.

मी तिच्याकडे बघत उभी राहिले. गेल्या वर्षी अशीच एक कुठेतरी राहिली होती.

आणखी दोन फेऱ्या केल्या. शेवटी तळहात उलटा करून, हाताची मागची बाजू राखेजवळ नेत नेत सगळी जागा तपासली. कुठेच ऊब नव्हती, धुराची रेघ नव्हती. तरी बारा वाजता भाऊ एकदा जाऊन आला. पहाटे चारला मी गेले. मतलई सुटली होती, बॅटरीच्या उजेडात खळं ओलं, काळं दिसत होतं. एक कुत्रं हुंगून निघून गेलं. पलीकडे तात्यांची यंदाची उडवी दवाने चिंब होती.

सकाळी तात्या घमेलं घेऊन आले. राखेत हात घातला, मूठभर उचलली, बोटांनी चुरली.

"वांग्यांना टाकतो," म्हणाले. घमेलं भरून झाल्यावर वळून म्हणाले, "पुढल्या वर्साला शेंगा जास्ती आन, बाय. माझ्या वाट्याला थोड्याच आल्या."